कोल्हा : गावकुसाबाहेरचा शेजारी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर थोर पुरुष, थोर ग्रंथ आणि मोठे प्रश्न यांची चर्चा व्हावी, असा आपला रिवाज आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच धाकटा. तराजूत घातला तर दहा किलोंच्या आतबाहेर भरेल एवढाच. त्याच्या पाठीशी वाघाचा दरारा नाही, हत्तीचे वैभव नाही, मोराचे सौंदर्य नाही. उलट त्याचे नाव आपण घेतो ते कोणाला तरी नावे ठेवण्यासाठीच. लबाड माणूस कोल्हा, नेभळट आरडाओरडा ती कोल्हेकुई, आणि थोडक्यात खूष होणाऱ्यासाठी ‘कोल्हा काकडीला राजी’. भाषेत एवढा मुरलेला दुसरा रानटी प्राणी क्वचितच सापडेल. परंतु या सभागृहातील किती जणांनी खरा, जिवंत कोल्हा निवांतपणे पाहिला आहे, असे विचारले तर फार थोडे हात वर होतील, अशी आमची अटकळ आहे.

दिवस मावळता गावाबाहेरच्या माळावरून कोल्हेकुई ऐकू येणे ही दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाची नित्याची गोष्ट होती. आज माळावर वसाहती उठल्या, ओढ्यांच्या नळ्या झाल्या, आणि तो आवाज अनेक ठिकाणी बंद पडला. एखादा आवाज बंद पडला हे पुष्कळदा बऱ्याच काळाने ध्यानात येते. तो ज्याचा आवाज, तो प्राणी कोण, कसा राहतो, काय खातो, संसार कसा करतो, आणि तो गेला तर आपले काही बिघडते काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

नावाचा घोळ

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. इसापाच्या गोष्टी आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांतल्या प्राण्याला आपण ‘कोल्हा’ केले. वस्तुतः युरोपातल्या गोष्टीतला तो धूर्त प्राणी म्हणजे इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात तो. त्याचा आपल्या माळावरचा भाऊबंद वेगळा आहे. त्याला आपण ‘खोकड’ म्हणतो. खोकड अंगाने लहान, मांजरापेक्षा थोडे मोठे, दोन-तीन किलोंचे. कान मोठे, तोंड निमुळते, आणि शेपूट लांबलचक, झुबकेदार, टोकाला काळी. कोल्हा त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचा आणि शेपटीने आखूड. दोघे एकाच माळावर राहतात, म्हणून लोक दोघांना एकाच नावाने हाक मारतात. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने कोल्ह्याचे जवळचे नाते खोकडाशी नसून लांडग्याशी आणि कुत्र्याशी आहे. इसापाला आंबट लागलेल्या द्राक्षांशी आपल्या कोल्ह्याचा संबंध जोडावयाचाच तर इतकेच म्हणावे लागेल की द्राक्षमळ्यात शिरलेला कोल्हा ती आंबट ठरवून परत फिरत नाही, खातो!

कोल्ह्याच्या नावाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. संस्कृतात त्याला शृगाल, जंबुक, गोमायु, क्रोष्टु अशी नावे आहेत. ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे. जो ओरडतो तो क्रोष्टु. आपला ‘कोल्हा’ हा प्राकृतातून आलेला त्याचाच वंशज. दुसरे नाव ‘शृगाल’ पश्चिमेला निघाले. इराणात ते ‘शगाल’ झाले, तुर्कांच्या तोंडी ‘चकाल’ झाले आणि युरोपात पोहोचून इंग्रजांचे ‘जॅकल’ बनले. साहेबांबरोबर हा शब्द इकडे परत आला तेव्हा आपण त्याला परका समजलो. वास्तविक तो माहेरी आलेला होता.

शास्त्रीय नाव ‘कॅनिस ऑरिअस’ हे स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये दिले. ‘ऑरिअस’ म्हणजे सोनेरी. आग्नेय युरोपापासून तुर्कस्तान, इराण, भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश ते थेट सयामपर्यंत या प्राण्याचा मुलूख पसरलेला आहे. आफ्रिकेतही हाच सोनेरी कोल्हा आहे असे दोनशे वर्षांहून अधिक काळ मानले जात होते. परंतु २०१५ मध्ये आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली आणि आफ्रिकेतला तो प्राणी दिसावयास कोल्ह्यासारखा असला तरी निराळ्याच जातीचा, लांडग्याला अधिक जवळचा आहे असे सिद्ध झाले. केवळ रूपावरून नाते ठरवू नये, हा धडा शास्त्रज्ञांनाही नव्याने गिरवावा लागला.

रूप

नाव सोनेरी असले तरी सोन्याची अपेक्षा करून कोल्हा पाहावयास जाल तर निराश व्हाल. आपल्या माळावरच्या मातीचा, वाळल्या गवताचा आणि राखेचा रंग एकत्र कालवावा तसा त्याचा रंग असतो. पाठीवर काळ्या व पांढऱ्या केसांची मिसळ. खांदे, कान आणि पाय यांवर पिवळसर-तांबूस झाक. गळा, छाती आणि पोट मळकट पांढरे. शेपटीचे टोक काळपट. थंडीत अंगावर दाट केस येतात तेव्हा तो भरलेला, रुबाबदार दिसतो. उन्हाळ्यात केस गळाले की तोच प्राणी उपासमार झालेल्या गावठी कुत्र्यासारखा वाटतो. एकाच कोल्ह्याला दोन ऋतूंत पाहून लोक दोन निराळे प्राणी समजतात ते यामुळे.

खांद्याशी उंची ३८ ते ४३ सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटाच्या आत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ६० ते ७५ सेंटीमीटर. शेपूट २० ते २७ सेंटीमीटर. वजन ८ ते ११ किलो. नर मादीपेक्षा किंचित थोराड, पण लांबून फरक कळणे कठीण. दात कुत्र्याप्रमाणेच ४२.

गावठी कुत्रा आणि कोल्हा यांत गल्लत होऊ नये म्हणून दोन खुणा सांगून ठेवतो. पहिली चालण्याची. कुत्रा रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखा चालतो. कोल्हा डोके खाली घालून, शेपूट खाली सोडून, हलक्या दुडक्या चालीने कडेकडेने जातो, आणि काही अंतरावर थांबून मागे वळून पाहतो. दुसरी खूण मातीतली. कोल्ह्याच्या पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मुळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. ओल्या मातीत ठसा स्वच्छ उमटला तर एवढ्या एका गोष्टीवरून रात्री बांधावरून कोण गेले ते सकाळी सांगता येते.

आवाज

कोल्हेकुईला आपण निरर्थक ओरडण्याचे प्रतीक केले आहे. पण निसर्गात निरर्थक श्रम सहसा कोणी करीत नाही. प्रथम एक जण लांब, चढत जाणारा सूर लावतो. मग दुसरा, तिसरा. आणि शेवटी सगळे मिळून तुटक, उंच किंचाळ्यांचा असा कल्लोळ करतात की चार कोल्हे असताना चाळीस असल्यासारखे वाटावे. हे गायन मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, म्हणजे बाहेर पडताना आणि घरी परतताना होते. विणीच्या हंगामापूर्वी, थंडीच्या दिवसांत, ते अधिक ऐकू येते.

त्याचा अर्थ दुहेरी आहे. घरच्यांना तो निरोप असतो, ‘आम्ही येथे आहोत’. आणि शेजाऱ्यांना इशारा असतो, ‘ही हद्द आमची आहे’. एका कुटुंबातले कोल्हे आपल्या माणसांच्या (माणसांच्या म्हणावे की कोल्ह्यांच्या!) हाकेला उत्तर देतात आणि परक्यांच्या हाकेकडे दुर्लक्ष करतात, असे निरीक्षकांना आढळून आले आहे.

येथे पंचतंत्रातल्या चंडरवाची आठवण होते. रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडून निळा झालेला हा कोल्हा वनाचा राजा होऊन बसला, आणि एके रात्री दुरून येणारी आपल्या जातभाईंची कुई ऐकून त्यालाही राहवले नाही. तो ओरडला आणि सोंग उघडे पडले. कथाकाराला नीती सांगावयाची होती. पण निरीक्षण मात्र बिनचूक आहे. एकाने सूर लावला की दुसऱ्याला गप्प बसणे जड जाते, हा कोल्ह्याचा खराखुरा स्वभाव आहे. ज्याने ही कथा रचली त्याने रानात उभे राहून कोल्हेकुई ऐकली असली पाहिजे.

कोल्हा काकडीला राजी

कोल्हा म्हटला की मढ्यावर तुटून पडणारा, दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारा, अशी आपली समजूत. मेलेले ढोर तो खातो हे खरे. पण तेवढेच खातो हे खरे नव्हे. आपल्या देशात जेथे जेथे त्याच्या विष्ठेची पद्धतशीर तपासणी झाली, तेथे निराळेच चित्र निघाले. राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीत त्याच्या आहारात ६० टक्क्यांहून अधिक वाटा उंदीरवर्गीय प्राणी, पक्षी आणि फळे यांचा होता. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळे मिळून ८० टक्के. शिवाय नाकतोडे, भुंगेरे, वाळवीचे किडे, बेडूक, खेकडे, मासे हे सर्व त्याला चालते.

फळांचा तर तो मोठा शौकीन. बोरे, करवंदे, जांभळे पडू लागली की झाडाखाली त्याच्या फेऱ्या सुरू होतात. बहाव्याच्या शेंगाही तो सोडीत नाही. काकडी, टरबूज, खरबूज, मका, ऊस यांवरही त्याची नजर असते; तेव्हा ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण शेतकऱ्याने चांगली पारखून केलेली आहे. जर्डन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात असे नमूद केले आहे की वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत कोल्हे पिकलेली फळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया मजूर वेचून घेतात. कारण उघड आहे : कोल्हा निवडून पिकलेलेच फळ खातो. खाल्लेल्या बोराची आठळी मैल-दोन मैलांवर दुसऱ्या माळावर पडते. माळावर बोरी लावीत हिंडणारा हा एक बिनपगारी माळीच म्हणावयाचा.

शिकार करावयाची तेव्हा तो बहुधा एकटा असतो. गवतात उंदराची चाहूल लागली की कान रोखून स्तब्ध उभा राहतो आणि मग चारी पाय उचलून वरून झेप घेतो. हरणाचे पाडस पकडावयाचे असेल तर मात्र नर-मादी जोडीने जातात. एकजण आईला गुंतवतो, दुसरा पाडस उचलतो. पोट भरून उरले तर उरलेले जमिनीत पुरून ठेवण्याची सावधगिरीही त्याच्या अंगी आहे. यालाच आपण लबाडी म्हणतो. दहा किलोंच्या प्राण्याला, वाघ-बिबट्या-लांडगा-तरस यांच्या मुलखात, जे मिळेल ते आणि जेव्हा मिळेल तेव्हा खाऊन जगावयाचे आहे. तेथे लबाडी आणि शहाणपण ही एकाच गुणाची दोन नावे ठरतात.

जुन्या शिकाऱ्यांच्या लिखाणात वाघाच्या मागे फिरणाऱ्या एकट्या कोल्ह्याचे वर्णन येते. आपल्या कळपातून सुटलेला असा कोल्हा सुरक्षित अंतर ठेवून वाघामागे जातो, एक निराळाच कर्कश आवाज काढतो आणि वाघाचे जेवण आटोपले की उरलेल्यावर निर्वाह करतो. करटक आणि दमनक या सिंहाच्या दरबारातील कोल्ह्यांची कल्पना अशाच एखाद्या दृश्यावरून सुचली असेल काय? सुचली असल्यास नवल नाही.

संसार

आता कोल्ह्याच्या चरित्रातला सर्वांत वाखाणण्याजोगा भाग, म्हणजे त्याचा संसार. ज्याला आपण लबाडीचा मेरुमणी ठरविले तो प्राणी घरात मात्र एकनिष्ठ आहे. नर-मादीची जोडी एकदा जमली की वर्षानुवर्षे टिकते. दोघे मिळून हद्द राखतात, दोघे मिळून तिच्या खुणा करतात, दोघे मिळून पोरे वाढवितात.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास समागमाचा हंगाम असतो. गर्भकाळ सुमारे दोन महिने, म्हणजे कुत्रीइतकाच. एप्रिल-मे मध्ये, उन्हे तापलेली असताना, बिळाची तयारी सुरू होते. बीळ ओढ्याच्या काठात, घळीत, शेताच्या किंवा बंधाऱ्याच्या मातीत, कधी रस्त्याखालच्या मोरीतही असते. साधारण दोन-तीन मीटर लांब, अर्धा ते एक मीटर खोल, आणि एक ते तीन तोंडांचे. आत पिले जन्मतात. बहुधा तीन ते सहा. जन्मतः ती आंधळी, मऊ काळपट लवीची आणि सर्वस्वी परावलंबी असतात. सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात.

पहिले काही आठवडे आई बहुतेक काळ बिळातच असते आणि बाप तिला अन्न पुरवितो. पिले तीन-चार आठवड्यांची झाली की दुधाबरोबर वरचे अन्न सुरू होते. ते देण्याची रीत आपल्याला किळसवाणी वाटेल, पण सोयीची आहे. आई-बाप दुरून पोटात भरून आणलेले मांस पिलांपुढे ओकून टाकतात. वाटेत ते कोणी हिसकावून घेत नाही, आणि अर्धवट पचलेले असल्याने पिलांना सोसते. पिले आईबापांच्या तोंडाच्या कोपऱ्याला चाटून ते मागतात. तुमचा पाळीव कुत्रा तुम्ही घरी येताच तोंड चाटावयास धावतो, त्याचे मूळ त्याच्या कुळातल्या याच बालपणीच्या सवयीत आहे.

धोका वाटला तर आई एकेक पिलू तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलविते. असे दोन ते चार वेळाही घरबदल होतात. दोन-अडीच महिन्यांत दूध तुटते. आणि येथे निसर्गाचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. पिले बिळाबाहेर हिंडू लागतात तोवर पावसाळा सुरू झालेला असतो. गवत वाढलेले, किडे, बेडूक, खेकडे, उंदीर यांची चंगळ झालेली. नवशिक्या शिकाऱ्याला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा कोणती?

सुमारे अकरा महिन्यांत पिले वयात येतात. परंतु सगळीच लगेच घर सोडीत नाहीत. काही जण एखादे वर्ष आईबापांजवळ राहून धाकट्या भावंडांना सांभाळतात, त्यांना अन्न आणून देतात, बिळावर पहारा करतात. पॅट्रिशिया मोलमन या संशोधक बाईंनी आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या माळावर काळ्या पाठीच्या कोल्ह्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९७९ मध्ये दाखवून दिले की घरात असे मदतनीस जितके अधिक, तितकी अधिक पिले जगतात. तो कोल्हा आपला नव्हे, दुसऱ्या जातीचा. पण एकत्र कुटुंबाची ही पद्धत सोनेरी कोल्ह्यातही पाहावयास मिळते. आपल्याकडे मोडत चाललेली ही संस्था माळावर अजून कशीबशी टिकून आहे म्हणावयाची!

रानात कोल्हा आठ-नऊ वर्षे जगतो. पिंजऱ्यात, आयत्या अन्नावर, सोळा वर्षांपर्यंतही जगल्याचे नमूद आहे.

कुत्रा, कोल्हा आणि पिसाळणे

कुत्रा हा कोल्ह्यापासून उत्पन्न झाला, अशी एक कल्पना मध्यंतरी बरीच लोकप्रिय होती. कोनराड लोरेन्झ यांच्यासारख्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञानेही १९५० च्या सुमारास कुत्र्यांच्या पुष्कळ जाती कोल्ह्यापासून निघाल्या असे लिहिले होते. पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडले. आज आनुवंशिक पुराव्याने निर्विवाद ठरले आहे की कुत्र्याचा पूर्वज लांडगा. कोल्हा त्याचा चुलता. मात्र नाते इतके जवळचे की दोघांचा संकर होऊ शकतो. रशियात क्लिम सुलिमॉव्ह यांनी कुत्रा आणि कोल्हा यांच्या संकरातून तीक्ष्ण नाकाची एक प्रजा तयार केली आणि मॉस्कोच्या विमानतळावर स्फोटके हुंगण्याच्या कामी तिचा उपयोग झाला.

परंतु या नात्याचा एक भयंकर परिणामही आहे. कुत्र्यांचे रोग कोल्ह्याला होतात, आणि त्यांत रेबीज हा मुख्य. २०२४ मध्ये मुंबईच्या पूर्व भागात मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत हा रोग सापडला. एरवी माणसाला पाहून पळणारा कोल्हा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून अंगावर आला, तर तो पिसाळलेला आहे असेच समजावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, तेल असले काही लावू नये. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता कोणी बाळगण्याचे कारण नाही. ती पद्धत केव्हाच गेली, लस दंडात देतात. रोगाची लक्षणे उमटल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाही, म्हणून हयगय करू नये. गावातल्या कुत्र्यांना लस टोचली तर माणूस आणि कोल्हा दोघेही वाचतात. कोल्हे मारून हा रोग हटत नाही.

शत्रू की मित्र?

शेतकऱ्याचा कोल्ह्यावर राग आहे आणि तो सर्वस्वी गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. टरबुजाच्या मळ्यात एका रात्रीत दहा फळे फोडून एकही पुरते न खाणारा पाहुणा कोणाला आवडेल? शेळीचे करडू, खुराड्यातली कोंबडी यांवरही तो हात मारतो. हा जमेचा नव्हे, नावेचा भाग झाला. पण हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात.

सर्बिया देशातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा हिशेब मांडून पाहिला. तेथील कोल्हे वर्षाकाठी ३,७०० टनांहून अधिक मेलेल्या जनावरांची घाण फस्त करतात आणि पिकांचे नुकसान करणारे सुमारे १ कोटी ३० लाख उंदीरवर्गीय प्राणी खातात, असा अंदाज निघाला. हे आकडे युरोपातले आहेत. ते जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येणार नाहीत. तथापि दिशा कळण्यास ते पुरे आहेत. टरबूज फोडलेले सकाळी दिसते. न झालेले उंदीर कोणाला दिसत नाहीत. म्हणून कोल्ह्याचा खर्च तेवढा वहीत चढतो, जमा कोऱ्या पानावर राहते.

मेलेली ढोरे साफ करणारा दुसरा मोठा सफाईदार म्हणजे गिधाड. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशातली गिधाडे शेकडा नव्वदांहून अधिक नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध त्यांच्या मुळावर आले. ते अंगात असलेले ढोर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये त्या औषधाचा जनावरांसाठी वापर बंद करण्यात आला, पण गेलेली गिधाडे परत येण्यास फार काळ लागणार. मढी पडून राहिली आणि त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. अशा वेळी उरलेल्या सफाईदारांची तरी किंमत आपल्याला कळावयास हवी. त्याऐवजी होते काय? बिबट्यासाठी किंवा कुत्र्यांसाठी मढ्यात विष कालवतात, आणि त्याला कोल्हा, तरस, गिधाड, घार सगळेच बळी पडतात.

शिंगाची गोष्ट

कोल्ह्याच्या वाट्याला आणखी एक विपत्ती आली आहे, ती आपल्या अंधश्रद्धेची. ‘कोल्ह्याचे शिंग’ जवळ असले की धन येते, कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागतो, अशी समजूत आहे, आणि जत्रेत केसांचा पुंजका असलेली एक कडक गुठळी त्या नावाने विकतात. स्पष्ट सांगावयाचे तर कोल्ह्याला शिंग नसते. एखाद्या कवटीवर क्वचित हाडाचा उंचवटा आलेला आढळतो, तेवढ्यावरून ही कथा वाढली असावी. कातड्याचा तुकडा आणि केस चिकटवून केलेला माल विकणाऱ्याला धन देतो हे खरे. घेणाऱ्याला देत नाही. असल्या वस्तूपायी प्राणी मारले जातात, हे मात्र दुःखदायक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे. त्याला मारणे आणि त्याच्या अवयवांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.

कर्नाटकात सकाळी कोल्ह्याचे तोंड दिसणे शुभ मानतात; कोणाचे नशीब फळफळले की ‘आज कोल्ह्याचे तोंड पाहिलेस काय?’ असे विचारतात. समजूतच बाळगावयाची तर ही काय वाईट? निदान तिच्यासाठी कोल्हा जिवंत असावा लागतो!

माळ आणि पडीक

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळू. कोल्हा हा सहजी संपणारा प्राणी नव्हे. युरोपात तर तो उलट पसरत आहे. बाल्कन प्रदेशातून निघून तो २०१५ पर्यंत डेन्मार्कला आणि २०२० मध्ये नॉर्वेच्या थेट उत्तर टोकाला पोहोचला. आपल्याकडेही तो उसाच्या फडात राहतो, मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठच्या तिवरांत, कोट्यवधी माणसांच्या शेजारी राहतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतीय उपखंडात निदान ८०,००० कोल्हे होते. मग चिंता कसली?

चिंता अशी की तो कशालाही जमवून घेणारा असला, तरी बीळ करावयाला माती, लपावयाला झुडूप आणि रस्ता ओलांडावयाला जागा त्याला लागतेच. सरकारी दप्तरात आपण माळरानाला ‘पडीक’ म्हणतो. पडीक म्हणजे कोणाच्या उपयोगाची नाही, अशी जमीन. पण त्या पडीक जमिनीवर कोल्हा, लांडगा, खोकड, तरस, ससा, माळढोक, तितर असे सगळे गाव नांदत असते, आणि मेंढपाळाची मेंढरेही तिच्यावरच चरतात. घनदाट जंगल राखले पाहिजे हे आता आपल्याला पटले आहे. माळ राखला पाहिजे हे अजून पटावयाचे आहे. वाघ गेला तर देशभर हाकाटी होईल. माळावरचा कोल्हा गेला तर बातमी होणार नाही. फक्त एक संध्याकाळ शांत जाईल, मग दुसरी, मग सगळ्याच.

शहरात राहणाऱ्यांनी काय करावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. फार मोठे काही नव्हे. गावाबाहेरच्या माळावर, टेकडीवर, खाडीकाठी राडारोडा आणि कचरा टाकू नये, टाकणाऱ्याला टोकावे. रात्री माळावरून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी सावकाश हाकावी. कोल्ह्याला मुद्दाम खाऊ घालू नये; माणसाला सोकावलेला रानटी प्राणी फार दिवस जगत नाही. बिळातली एकटी दिसणारी पिले ‘अनाथ’ समजून उचलू नयेत. त्यांची आई बहुधा जवळच असते. जखमी प्राणी दिसला तर वनखात्याला कळवावे. आणि मुलाबाळांना घेऊन एखाद्या संध्याकाळी माळावर जाऊन, न बोलता, अर्धा तास बसावे.

सूर्य मावळल्यावर दुरून तो चढता सूर आला, त्याला दुसऱ्या बाजूने उत्तर मिळाले, तर समजावे की त्या माळावर एक घर अजून नांदते आहे आणि तेथील उंदरांचा, मढ्यांचा व बोरांचा बंदोबस्त पाहणारा कोणी तरी जागा आहे. त्या आवाजाला यापुढे कोणी ‘नुसती कोल्हेकुई’ म्हटले, तर त्याला हे सर्व समजावून सांगण्याचे काम आम्ही आता श्रोत्यांकडे सोपवितो.